एका ओळीची गोष्ट

‘न पटणारी गोष्ट’ या नावाची कादंबरी काखेत मारून आज कोणी लेखक अंधेरीच्या एखाद्या कचेरीत शिरला, तर पहिला सल्ला त्याला मिळेल तो नाव बदलण्याचा. पण नारायण हरी आपटे यांनी आपल्या कादंबरीला हेच नाव दिले होते, आणि प्रभातने १९३७ साली तिच्यावरून ‘कुंकू’ हा बोलपट काढला. नाव बदलले हे खरे. गोष्ट मात्र न पटणारीच राहिली. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याच्या घरात राहते, पण त्याची बायको व्हायचे साफ नाकारते. विहीर जवळ करीत नाही, पळूनही जात नाही. नाकारते, इतकेच. शांता आपटे यांनी ती नीरा केली आणि केशवराव दाते यांनी तो म्हातारा. जीव जातो तो शेवटी त्याचाच.

आता या बोलपटाची गोष्ट एका ओळीत सांगा पाहू. ‘कोवळ्या मुलीचे म्हाताऱ्याशी लग्न.’ झाली की नाही? पण ही ओळ तर देवलांच्या ‘शारदे’ची! १८९९ सालापासून ती रंगभूमीवर उभी होती. ‘शारदे’त लग्न ऐन वेळी मोडते, मुलीला मनाजोगता वर मिळतो आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून घरी जातात. ‘कुंकवा’ची खरी गोष्ट सुरू होते तीच मुळी लग्न लागून गेल्यावर. शिवाय या बोलपटाला पार्श्वसंगीत नाही. जो आवाज कानी येतो तो त्या घरातला आणि आसपासचा. त्या घरात काय कोंडले आहे हे त्या आवाजांनी कळते. हे एका ओळीत कोण कसे सांगणार, आणि सांगितले तरी ऐकणाऱ्याला त्यात काय दिसणार?

हा प्रश्न मला हल्ली फार पडतो. कारण सध्या मराठीत कादंबरी लिहिणाऱ्या कोणाही माणसाला भेटल्यावर लोक पहिली गोष्ट विचारतात ती ‘यावर सिनेमा होईल का?’ ही. आणि सिनेमा किंवा मालिका व्हायची तर आधी ती गोष्ट कोणाला तरी ‘ऐकवावी’ लागते. त्या धंद्यातली याची भाषा ऐकण्यासारखी आहे. आधी ‘वन लाइन’. ती आवडली तर एका पानाची ‘कन्सेप्ट नोट’. मग पात्रांची माहिती, मग मालिका असेल तर पुढच्या शंभर भागांचा ‘ग्राफ’. इतके झाले म्हणजे वाहिनीच्या माणसांसमोर पुन्हा सगळे तोंडी सांगायचे. गोष्ट पसंत पडलीच तर कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे, अशी वाटणी होते. एकाच घरात तीन चुली मांडल्या तरी स्वयंपाक एकच व्हावा अशी अपेक्षा असते. कधी कधी तो होतोही. पण या सगळ्या खटाटोपात मूळ पुस्तक वाचण्याची पायरी कुठे येते, हे मला अजून कोणी दाखवून दिलेले नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. (आता त्याला दहावी म्हणतात, पण आमच्या घरात अजून मॅट्रिकच.) तालुक्याच्या गावी बालवाडी शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझ्या एका कादंबरीत दोन जावा आहेत. घराच्या वाटण्या झाल्या, मधोमध भिंत पडली, आणि अकरा वर्षे दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नाहीत. दर दिवाळीला मात्र फराळाचे ताट भिंतीपलीकडे जाते, आणि दुसरे ताट अलीकडे येते. ताट नेणारे पोर दर दोन-तीन वर्षांनी बदलते, कारण आधीचे मोठे होऊन लाजू लागते. एवढेच काय ते कथानक. एका निर्मात्याने बोलावले म्हणून मुंबईला गेले होते. समोर पंचविशीतला एक मुलगा होता, अतिशय गोड स्वभावाचा. माझे सांगून झाल्यावर तो म्हणाला, “ताई, छानच आहे. पण मग ताटात काय असतं?”

“म्हणजे? करंज्या, चकल्या, अनारसे.”

“नाही, तसं नाही. म्हणजे एखाद्या वर्षी कोणी काही घालतं का त्यात?”

तो थट्टा करीत नव्हता. त्याला खरोखरच मदत करायची होती. एका ओळीच्या चिमट्यात धरता येईल असे काहीतरी तो माझ्या गोष्टीत शोधत होता, आणि भिंतीपलीकडे गेलेल्या करंजीत विष असल्याशिवाय चिमट्याला पकड मिळत नव्हती. मी त्याला म्हटले, एका वर्षी करंजीत सारण कमी असते, आणि त्यावरून पलीकडच्या जावेला कळते की अलीकडच्या घरात यंदा पैशाची ओढ आहे. पुढच्या वर्षी तिच्याकडून येणारे ताट मोठे असते. मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “हे वाचायला फार मस्त असेल.”

निर्मात्यांना झोडपण्यासाठी मी हे सांगत नाही. ज्याचे कोट्यवधी रुपये अडकणार, त्याने आधी थोडक्यात ऐकून घ्यावे यात गैर काय? आणि थोडक्यात सांगून फार मोठ्या गोष्टी झालेल्या आहेत. सलीम–जावेद यांनी ‘शोले’ सांगितला तो चार ओळींचा, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. घरादाराचा निर्वंश झालेला एक फौजी अधिकारी सूड घेण्यासाठी फौजेतून काढून टाकलेल्या दोघांना हाताशी धरतो, असे काहीसे ते बीज होते. पुढे फौजेचे पोलीस झाले, काढून टाकलेले दोघे भुरटे चोर झाले. पण १९७५ साली पडद्यावर आलेल्या ‘शोले’तले लोकांच्या तोंडी काय राहिले? गब्बरची चाल, बसंतीची बडबड, आंधळ्या इमामाच्या मुलाचा मृत्यू, माउथ ऑर्गन वाजवणारा जय. यांतले काहीच त्या चार ओळींत नव्हते. चार ओळींवर पैसे लावणाऱ्या सिप्पींची खरी गुणग्राहकता ही, की त्यांनी त्या ओळी विकत घेतल्या नाहीत. त्या ओळी लिहून काढू शकणारी दोन माणसे विकत घेतली.

शिवाय गोष्ट तोंडाने सांगून माणसे जिंकणे हे काही अंधेरीत जन्मले नाही. आमच्याकडे कीर्तनकार ते शेकडो वर्षे करीत आले. पण कीर्तनाची गंमत पाहा. उत्तररंगातले आख्यान श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. हरिश्चंद्राचे पुढे काय होणार, हे माहीत नाही म्हणून कोणी देवळात येऊन बसत नाही. ‘वन लाइन’ पाठ असते म्हणूनच तर माणसे बुवा ती कशी सांगतात हे ऐकायला येतात. माझ्या बालवाडीतल्या साडेतीन वर्षांच्या श्रोत्यांचेही तसेच आहे. चिऊकाऊच्या गोष्टीत पुढे काय होते हे त्यांना माझ्याहून पक्के ठाऊक आहे. तरी रोज तीच हवी असते. आणि चिऊताई दार उघडायला उशीर लावते तेव्हा तिच्या सबबींचा क्रम मी चुकूनमाकून बदलला, तर वर्गात बंड होते. “बाई, आधी बाळाला आंघोळ!” गोष्टीचे सारे मोल त्या क्रमात आहे हे त्यांना न शिकवता कळते. निर्मात्यांच्या कचेरीत मात्र गोष्ट एकदाच सांगायची असते, आणि तीही ‘पुढे काय’ एवढ्यापुरतीच.

कलेच्या या प्रश्नावर मला सर्वांत नेमके उत्तर एका न्यायनिवाड्यात सापडले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दिलेला आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा तो निवाडा. कायद्याची पुस्तके मी वाचत नाही. पण गोष्ट विकू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण तेवढे समजून घ्यावे.

आनंद हे दिल्लीचे नाटककार. १९५३ साली त्यांनी ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिले. एक पंजाबी कुटुंब, एक मद्रासी कुटुंब, शेजार, मुलामुलीचे प्रेम आणि आईबापांचा प्रांताभिमान, असा त्याचा विषय. नाटक चालले. १९५५ साली मुंबईचे दिग्दर्शक मोहन सेगल दिल्लीस आले असता आनंदांनी त्यांना ते नाटक सगळेच्या सगळे ऐकवले. पुढे काही कळले नाही. मग बातमी आली की सेगल ‘न्यू दिल्ली’ नावाचा चित्रपट काढीत आहेत. १९५६ साली तो आला. त्यात किशोरकुमार पंजाबी, वैजयंतीमाला दाक्षिणात्य, आणि आड येणारा तोच प्रांताभिमान. आनंद न्यायालयात गेले. खाली हरले, उच्च न्यायालयात हरले, आणि चित्रपट येऊन बावीस वर्षे उलटल्यावर सर्वोच्च न्यायालयातही हरले.

न्यायमूर्ती फाजल अली यांनी जे म्हटले त्याचा मथितार्थ असा: कल्पनेवर, विषयावर, कथाबीजावर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती त्या कल्पनेला दिलेल्या रूपावर, मांडणीवर, आविष्कारावर. दोन्ही कृती पाहणाऱ्या माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असे निःसंशय वाटले पाहिजे. चित्रपटात भाड्याच्या खोलीसाठी मद्रासी बनणारा तरुण आहे, हुंड्याचा प्रश्न आहे, दुसरे एक बंगाली प्रेमपात्र आहे. हे नाटकात नाही. म्हणून नक्कल नाही. खंडपीठातले न्यायमूर्ती पाठक निकालाशी सहमत झाले ते मात्र थोडे अडखळतच. वरवरचे फेरफार करून लेखकाची चीज खुशाल उचलावी असा समज यातून पसरू नये, अशी चिंता त्यांनी स्वतंत्रपणे नोंदवली.

आनंदांसाठी मला आजही वाईट वाटते. नाटक ऐकवताना त्यांच्या मनात काय काय आशा असतील! तरीही न्यायालय टीकाकार म्हणून चुकले असे मला म्हणवत नाही. ‘दोन जातींची, दोन प्रांतांची मुले प्रेमात पडतात आणि घरची माणसे आड येतात’ ही ओळ जर एकट्या आनंदांची झाली असती, तर तिच्यावर पुढे कोणालाच लिहिता आले नसते. मग ‘सैराट’ कुठून येता?

नागराज मंजुळे यांच्या २०१६ सालच्या ‘सैराट’ची ओळ हीच आहे. पाटलाची मुलगी, पारध्याचा मुलगा, पळून जाणे, खून. कोणा कचेरीतल्या मुलाने ती ऐकली असती तर “हे झालंय, सर” म्हणून चहा मागवला असता. पण त्या चित्रपटात एक प्रसंग आहे. गावच्या पुढाऱ्याचा पोरगा भर वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो. प्रेमकथेशी याचा संबंध काय? ग्राफ काढायला बसलात तर काही नाही. तो प्रसंग पहिल्या फटक्यात गळेल. मी मात्र शिक्षकी पेशातली असल्यामुळे असेल, तो आवाज ऐकला आणि मला त्या दोन पोरांचे पुढे काय होणार ते कळून चुकले. ज्या गावात मास्तरला मारून काही होत नाही, त्या गावाचा हात पुढे किती लांब पोचेल याचा तो दाखला होता. आणि शेवटी रक्तात भरलेल्या पावलांनी चालत जाणारे ते मूल, आणि ती शांतता!

हीच ओळ रीतसर पैसे मोजून हिंदीत नेली गेली. २०१८ साली ‘धडक’ आला. करमाळ्याच्या जागी उदयपूर आले, हैदराबादच्या जागी कलकत्ता आले, गाणीही सोबत गेली. ओळ अगदी शाबूत पोचली. वाटेत जात तेवढी सांडली. तिचा उच्चारही ओठ दुमडून केल्यासारखा. चांगले देखणे, दुःखी चित्र झाले ते. आनंदांच्या खटल्यात न्यायालयाने जो भेद सांगितला, त्याचा पुरावा इतका ढळढळीत पुन्हा मिळणार नाही. त्या खटल्यात बीज तेच असून वस्तू निराळ्या ठरल्या, आणि इथे हक्क विकत घेऊनही वस्तू हाती लागली नाही.

म्हणजे गमतीची परिस्थिती अशी आहे. कायदा लेखकाला सांगतो, तुझी कल्पना तुझी नव्हे, तुझे लिहिणे तुझे. निर्माता त्याला सांगतो, लिहिणे राहू दे, कल्पना सांग. जे कोणाचेच नाही तेवढेच तो मागतो, आणि जे कोणाचेच नाही त्याचे पैसे का द्यायचे, असे त्याला वाटले तर त्यालाही दोष देता येत नाही. हल्ली काही ठिकाणी ऐकण्याआधीच एक कागद पुढे येतो: आमच्याकडे अशाच प्रकारची कथा आधीपासून असू शकेल, तरी पुढे तक्रार करणार नाही, अशा अर्थाचा. त्यावर सही केल्याखेरीज पाणीसुद्धा विचारीत नाहीत. घरच्या माणसांना मी हे सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मुलगी बघायला येण्याआधीच नकाराची चिठ्ठी घेतात वाटतं!”

कायदा अगदीच उघड्यावर टाकतो असेही नाही. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. संडायल कम्युनिकेशन्स या संस्थेने अडचणीतल्या कुटुंबात येऊन त्यांची संकटे निवारणाऱ्या कृष्णासारख्या खोडकर मुलाची कल्पना तपशिलाने रचून झी टेलिफिल्म्सला विश्वासाने सांगितली होती. पुढे तिच्याशी फार जुळणारी ‘कन्हैय्या’ ही मालिका झीवर दिसली. न्यायालयाने मनाईहुकूम कायम ठेवला. कल्पना पुरेशी फुललेली असेल आणि विश्वासाने सांगितली असेल, तर ती घेऊन पळता येत नाही, असे त्यातून ठरले. इथेही मुद्दा तोच, हे पाहण्यासारखे आहे. तिथे न्यायालयापुढे नुसती ओळ नव्हती. तपशिलांसह रचलेली गोष्ट कागदावर होती. स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे कथेची नोंद करता येते. त्या नोंदीने तारीख सिद्ध होते. पण नोंदवायला आधी काहीतरी लिहिलेले असावे लागते. माझ्याकडे सल्ला विचारायला येणाऱ्या तरुण मुलांना मी एवढेच म्हणते, की बाबांनो, आधी पन्नास पाने लिहा, मग मुंबईची गाडी पकडा. ती मुले हिरमुसतात. त्यांना पन्नास पाने टाळण्यासाठीच तर मुंबईला जायचे असते.

मला खरी धास्ती आहे ती निर्मात्यांची नाही, आम्हा लेखकांची. ऐकवण्याची सवय लिहिण्यात उतरते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तीही सांगितलेलीच गोष्ट आहे. आश्रमातले मित्र जमतात आणि श्याम सांगतो. पण किती? बेचाळीस रात्री! कोकणातल्या गरीब घरातली एक आई मुलाला वाढवते आणि मरते. खलनायक नाही, रहस्य नाही, कलाटणी नाही. पायाला घाण लागू नये म्हणून आईने दगडावर पदर पसरावा, एवढ्या प्रसंगावर एक अख्खी रात्र. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्याचा चित्रपट केला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. अत्रे स्वतः मास्तर, गुरुजीही मास्तर. वर्ग कशाने गप्प बसतो हे दोघांना ठाऊक होते. पन्नास वर्षांनी, २००४ साली, ते पदक पुन्हा मराठीत आणणारा ‘श्वास’ पाहा. नातवाची दृष्टी शस्त्रक्रियेत जाणार म्हणून आजोबा त्याला आधी जग दाखवतात. या गोष्टीला ओळ चांगली मिळाली, मान्य. पण दवाखान्याच्या बाकावर ते आजोबा ज्या तऱ्हेने बसतात, त्या बसण्याला ओळ नाही.

उलट अलीकडे हाती येणाऱ्या काही कादंबऱ्या वाचताना मला सारखा एक भास होतो, की लेखकाच्या समोर वाचक नसून कोणी कचेरीतला मुलगा बसला आहे, आणि तो घड्याळ पाहतो आहे. प्रकरण संपते तिथे धक्का. पात्राची ओळख दोन विशेषणांत, जाहिरातीतल्या वधूसारखी. वर्णन आले की लेखकालाच चोरी केल्यासारखे होते आणि तो घाईने संवादाकडे वळतो. मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूला छापलेला मजकूर वाचावा आणि पुस्तक परत ठेवावे. आत त्याहून अधिक फारसे काही नसते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अशा चार कादंबऱ्या ओळीने वाचल्या. तिघांचे खून झाले, दोन घटस्फोट झाले, एक माणूस मेलेला समजला होता तो परत आला. पण चार कादंबऱ्यांत मिळून एकदाही कोणाचा भात करपला नाही.